इमारतीचा कचरा हाती घेताय? मग खतपेटीच्या आधी हे करा

इमारतीच्या कचऱ्याचं काम तुमच्या गळ्यात पडलेलं असो किंवा तुम्ही हौसेनं अंगावर घेतलेलं असो, पहिल्याच बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येतं: 'चला, खतपेटी आणू या.' खतपेटी आणायचीच आहे, पण चौथ्या पायरीवर. ती आधी आणली की काय होतं, हे मी एकापेक्षा जास्त ठिकाणी पाहिलंय. कुणाच्या तरी घरातून फुटलेला दिवा, इंजेक्शनची सुई किंवा घड्याळातला बटणासारखा सेल ओल्या कचऱ्याबरोबर पेटीत जातो आणि मग ते खत कुंडीत घालायलाही कुणी धजत नाही. वजनानं पाहिलं तर घरातला धोकादायक कचरा मूठभरच असतो. पण उरलेला कचरा कामाचा राहणार की नाही, हे तो मूठभर कचराच ठरवतो. म्हणून इथला क्रम नेहमीपेक्षा वेगळा आहे.

सुरुवातीला लागणाऱ्या गोष्टी फार नाहीत:

- लटकवायचा वजनकाटा आणि एक जाड वही
- जाड रबरी हातमोजे, मास्क, पायात बंद बूट
- झाकणाचे डबे (किती, ते तिसऱ्या पायरीत)
- कुलूप लागणारं एक छोटं कपाट, त्यात ठेवायला दोन-तीन प्लॅस्टिकचे ट्रे
- जाड प्लॅस्टिकचा, फिरकीच्या झाकणाचा डबा, सुयांसाठी
- चिकटपट्टी, कोरड्या वाळूची बादली, जुनी वर्तमानपत्रं
- इमारतीच्या समितीचा लेखी ठराव, निदान एका परिच्छेदाचा

ठरावाचा कंटाळा करू नका. कोण जबाबदार, खर्च कुठून, कपाटाची किल्ली कुणाकडे, एवढं कागदावर असलं की नंतरची निम्मी भांडणं टळतात.

१. आठवडाभर फक्त वजन करा

कुणालाही काही सांगू नका, पत्रक लावू नका. रोज जमा होणारा कचरा तोला आणि वहीत लिहा. जमलं तर दोन दिवस, त्यातला एक सुट्टीचा, ताडपत्रीवर कचरा पसरून ढोबळ वाटण्या करा: ओला, कागद-पुठ्ठा, प्लॅस्टिक, काच-धातू, डायपर-नॅपकिन आणि 'हे काय आहे?'. ही शेवटची रास सगळ्यात लहान आणि सगळ्यात बोलकी असते. हातमोजे आणि बूट घातल्याशिवाय हे करायचं नाही, आणि हात घालून चिवडायचं नाही. काठीनं किंवा दाताळ्यानं पसरा.

हा खटाटोप कशासाठी? कारण दुसऱ्याचे आकडे तुमच्या इमारतीला लागू पडत नाहीत. जागतिक बँकेच्या २०१८च्या अहवालात जगाची सरासरी माणशी रोज ०.७४ किलो दिली आहे, पण देशागणिक ती ०.११ पासून ४.५४ किलोपर्यंत पसरलेली आहे. सरासरीवर भरवसा ठेवून पेटी घेतली तर ती एक तर दोन आठवड्यांत ओसंडून वाहील, नाहीतर रिकामी पडून राहील.

२. धोकादायक कचरा बाजूला काढा

आधी ओळख. डब्यावर, बाटलीवर लाल किनारीचा चौकोन कोपऱ्यावर उभा केलेला दिसला आणि आत काळं चित्र असेल (कवटी, ज्वाळा, हातावर सांडणारं द्रव, मेलेला मासा आणि झाड) तर ती वस्तू या गटात. ही चित्रं बहुतेक देशांत सारखीच असतात, त्यामुळे लेबल अनोळखी भाषेत असलं तरी चालतं. सेल, बॅटरी, विजेची उपकरणं यांवर चाकं असलेल्या कचराकुंडीवर फुली मारलेली असते. तिचा अर्थ सरळ आहे: हे नेहमीच्या कचऱ्यात नको.

आता एकेक प्रकार. नवख्या माणसाचा गोंधळ इथेच उडतो, म्हणून जरा सविस्तर.

*सेल आणि बॅटऱ्या.* मोबाइल, लॅपटॉप, पॉवर बँक यांतल्या लिथियम बॅटऱ्या 'संपलेल्या' वाटतात तेव्हाही त्यांच्यात विजेचा अंश असतो. कचऱ्याच्या गाडीत दाबल्या गेल्या, टोचल्या गेल्या की पेट घेतात. डब्यात टाकण्याआधी दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावा. चौकोनी ९ व्होल्टच्या सेलची दोन्ही टोकं एकाच बाजूला असतात. नाणं किंवा किल्ली मध्ये आली तरी तो तापतो, त्यामुळे त्याला पट्टी हवीच. फुगलेली बॅटरी दाबून सपाट करायच्या फंदात पडू नका. ती कोरड्या वाळूत, धातूच्या डब्यात, घराबाहेर ठेवा आणि बाकीच्यांबरोबर साठवून न ठेवता शक्य तितक्या लवकर पुढे पाठवा.

*पारा असलेले दिवे आणि थर्मामीटर.* सीएफएल दिव्यात पारा जेमतेम काही मिलिग्रॅम असतो. काचेच्या जुन्या ताप मोजायच्या थर्मामीटरमध्ये मात्र अर्ध्या ग्रॅमच्या घरात, म्हणजे शंभरपटीनं जास्त. दिवा फुटला तर आधी खिडक्या उघडा, पंखा-एसी बंद करा, मुलांना आणि प्राण्यांना घेऊन दहा मिनिटं खोलीबाहेर थांबा. मग जाड पुठ्ठ्यानं तुकडे गोळा करा, बारीक चुरा चिकटपट्टीनं उचला आणि सगळं काचेच्या बरणीत घालून झाकण लावा. केरसुणी नको, व्हॅक्यूम क्लीनर तर अजिबात नको, त्यानं पाऱ्याची वाफ घरभर होते. पाऱ्याविषयीच्या मिनामाता करारातल्या देशांनी २०२३ मध्ये ठरवलं की फ्लुओरोसंट (ट्यूबलाइट, सीएफएल अशा) दिव्यांचं उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ पर्यंत थांबवायची. म्हणजे दुकानातून हे दिवे जातील, पण माळ्यावरचे आणि जिन्यातले अजून काही वर्षं कचऱ्यात येतच राहणार. जागा राखून ठेवा.

*औषधं.* मुदत संपलेल्या गोळ्या संडासात ओतणं ही सर्रास सवय. सांडपाण्याची केंद्रं औषधी द्रव्यं पूर्ण काढू शकत नाहीत, ती नदीत जातात. औषधं परत घेण्याची सोय जवळपास असेल तर तीच वापरा. नसेल तर गोळ्या पाकिटातून काढून माती किंवा वापरलेल्या चहा-कॉफीच्या चोथ्यात मिसळा, पिशवीत घट्ट बंद करा आणि न विघटणाऱ्या कचऱ्यात द्या. खतात नको. नावाचं लेबल खरवडून टाका. कुणाला कोणता आजार आहे हे इमारतीला कळायचं कारण नाही. दम्याचे पंप आणि सगळ्या प्रकारच्या फवारणीच्या डब्या टोचू नका, जाळू नका, आत दाब असतो.

*सुया, ब्लेड, लॅन्सेट (साखर तपासताना बोट टोचायची सुई).* रोज इन्सुलिन घेणारं कुणी ना कुणी बऱ्याच इमारतींत असतं. त्यांना जाड प्लॅस्टिकचा डबा तुम्हीच नेऊन द्या. सुईचं टोपण पुन्हा लावायला जाऊ नका असं सांगा, हात टोचतो तो तेव्हाच. डबा तीन चतुर्थांश भरला की झाकण पट्टीनं बंद. पाण्याची पातळ बाटली चालत नाही, सुई आरपार येते.

*साफसफाईची रसायनं, रंग, कीटकनाशकं.* इथे एकच सापळा, पण जीवघेणा. उरलेली रसायनं 'एकाच डब्यात ओतून टाकू' असं कुणीतरी म्हणतंच. ब्लीच आणि संडास धुण्याचं अॅसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले की क्लोरामाइन. दोन्ही फुप्फुसांवर घाला घालतात. काहीही मूळ बाटलीतून दुसऱ्या बाटलीत ओतायचं नाही, शीतपेयाच्या बाटलीत तर मुळीच नाही. पाण्यात विरघळणारा रंग तळाशी उरला असेल तर वाळू किंवा भुशात मिसळून सुकवता येतो. तेलाचा रंग आणि थिनर मात्र याच गटात.

*गाडीचं काळं तेल.* एक लिटर तेल दहा लाख लिटरपर्यंत पिण्याचं पाणी नासवू शकतं, असं सांगितलं जातं. ते गटारात नको, झाडाच्या बुंध्याशी नको. झाकणाच्या कॅनमध्ये भरून गॅरेजलाच परत द्या.

हे सगळं ज्या कपाटात ठेवाल ते जिन्याखाली नको (आग लागली तर सुटकेची वाट तीच) आणि विजेच्या मीटरशेजारीही नको. हवा खेळती, ऊन थेट नाही, फरशीपासून वर. अॅसिड एका ट्रेमध्ये, ब्लीच दुसऱ्यात, बॅटऱ्या तिसऱ्यात आणि शक्यतो वेगळ्या खणात. साठवणूक लांबवू नका. महिना-दोन महिन्यांनी कपाट रिकामं झालं पाहिजे, नाहीतर तुम्ही घराघरातला धोका एका जागी गोळा करून ठेवला, एवढंच होईल.

३. डबे थोडे, जागा पक्की

जपानमधल्या कामिकात्सु या डोंगरातल्या गावानं २००३ मध्ये शून्य कचऱ्याचा संकल्प जाहीर केला आणि तिथे चाळीसहून जास्त प्रकारांत कचरा वेगळा करतात. हे वाचून उत्साही लोक पहिल्याच दिवशी आठ रंगांचे आठ डबे मांडतात. नको. घरात तीन: ओला, सुका आणि स्वच्छतेचा, म्हणजे डायपर आणि सॅनिटरी नॅपकिन, कागदात गुंडाळून, वर पेनानं ठळक खूण करून. धोकादायक कचऱ्याला घरात डबा द्यायचाच नाही. त्यासाठी कपाट आणि आठवड्याचा ठरलेला वार. सुक्याची पुढची वर्गवारी खाली, एका जागी, एकाच माणसाच्या देखरेखीखाली.

डब्यावर 'सुका कचरा' एवढंच लिहून भागत नाही. चित्रं लावा, आणि ती तुमच्याच इमारतीतून निघालेल्या वस्तूंच्या फोटोंची असू द्या. लोकांना नियम लक्षात राहत नाहीत, दुधाची पिशवी लक्षात राहते.

४. आता ओला कचरा

खताचं शास्त्र चार गोष्टींत मावतं: कर्ब-नत्राचं (कार्बन-नायट्रोजनचं) प्रमाण, ओल, हवा, उष्णता. जिवाणूंना कर्ब आणि नत्र साधारण २५ ते ३० ला १ या प्रमाणात लागतात. भाजीच्या सालींमध्ये नत्र भरपूर, म्हणून प्रमाण १५-२० च्या आसपासच. वाळक्या पानांत ते ४० ते ८०, लाकडाच्या भुशात काहीशे. म्हणजे नुसत्या साली टाकत राहिलात तर वास येणार हे ठरलेलं. ओल्या कचऱ्याच्या दर थरावर वाळका पाला किंवा भुसा टाकायचा. आकारमानानं निम्म्यापासून सुरू करा आणि वासावरून वाढवत न्या. भुसा साध्या लाकडाचा हवा. प्लायवूडच्या भुशात चिकटवायची रसायनं असतात.

ओल तपासायला यंत्र नको. मूठभर मिश्रण हातमोजा घालून घट्ट पिळा. एक-दोन थेंब आले की बरोबर. धार लागली तर पाला टाका, मूठ उघडताच भुगा झाला तर पाणी शिंपडा.

पेटी नीट चालली की आतलं तापमान ५५ ते ६५ अंश सेल्सिअसवर जातं. ५५ अंशांच्या वर सलग तीन दिवस राहिलं की बरेचसे रोगजंतू आणि तणाचं बी मरतं. ७० च्या पुढे मात्र कामाचे जिवाणूही मरतात, तेव्हा ढीग उलथवा. लांब दांड्याचा तापमापक मिळाला तर उत्तम, नाहीतर लोखंडी सळई पाच मिनिटं खोचून बाहेर काढा. हाताला चटका जाणवला की काम चालू आहे.

तक्रारी आल्या की वासावरून निदान करा:

- नाकात झोंबणारा वास: नत्र जास्त, पाला-भुसा वाढवा.
- कुजक्या अंड्यांचा वास: हवा पोचत नाही, उलथवा आणि तळाची भोकं तपासा.
- काहीच वास नाही आणि ढीग थंड: कोरडा पडलाय किंवा फारच थोडा आहे.
- पांढरट-तपकिरी जाड अळ्या: बहुतेक वेळा काळ्या सैनिकमाशीच्या. किळसवाण्या दिसतात, पण खाऊन निम्मं काम करतात. ओल कमी केली की कमी होतात. औषध मारू नका.

पेट्या किमान तीन हव्यात: एक भरायची, एक कुजायची, एक मुरायची. दोनच घेतल्या तर कच्चं खत काढायची वेळ येते, आणि कच्चं खत रोपाच्या मुळाशी गेलं तर पानं पिवळी पडतात. खत तयार झाल्याची खूण म्हणजे गडद रंग, मूळ पदार्थ ओळखू न येणं आणि पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास. हवामानाप्रमाणे दीड ते तीन महिने लागतात. विकत मिळणारं जिवाणूंचं विरजण पहिल्या भरणीला मदत करतं. पुढे तुमच्याच जुन्या खताच्या चार मुठी पुरतात, दर महिन्याला पाकीट घ्यायची गरज नाही. आणि 'चोवीस तासांत खत' देणारी यंत्रं बहुतेक करून कचरा वाळवून त्याचा चुरा करतात. तो चुरा भिजला की पुन्हा कुजायला लागतो. यंत्र घ्यायचंच असेल तर मुरवायची जागा वेगळी ठेवा.

५. सुका कचरा: कोरडा आणि स्वच्छ, बस्स

प्लॅस्टिकवरचा त्रिकोण आणि त्यातला आकडा म्हणजे 'पुनर्वापर होतो' अशी हमी नाही. १९८८ साली अमेरिकेतल्या प्लॅस्टिक उद्योगानं प्लॅस्टिकचा प्रकार ओळखण्यासाठी ती खूण आणली. प्रत्यक्षात १ (पाण्याच्या बाटल्या), २ (शांपू-डिटर्जंटचे डबे) आणि बऱ्याच ठिकाणी ५ यांना गिऱ्हाईक मिळतं. ३, ६, ७ साठी आधी विचारून घ्या. चकचकीत वेष्टनांत प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटलेले असतात. ते सुटे करणं परवडत नाही म्हणून कुणी घेत नाही. 'टाकून तर बघू' म्हणून ती चांगल्या प्लॅस्टिकमध्ये मिसळली की सगळ्या गठ्ठ्याचा भाव पडतो.

डबे विसळून, निथळून द्या. ओशट पुठ्ठा कागदात नको, त्याचे तुकडे करून खतात घाला. बिलांचा गुळगुळीत कागद कागदात नको आणि खतातही नको, त्यावर रसायनाचा थर असतो. काचेत चिनीमाती आणि ओव्हनमध्ये चालणारी काचेची भांडी मिसळू नका, त्यांचा वितळण्याचा बिंदू वेगळा. ॲल्युमिनियम मात्र जपून गोळा करा. खनिजापासून नवं बनवण्याच्या तुलनेत ते वितळवायला सुमारे ९५ टक्के कमी ऊर्जा लागते, त्यामुळे त्याला कायम मागणी असते.

आणि उरलेलं काहीही जाळायचं नाही, कोपऱ्यातल्या वाळक्या पाल्यासकट. मंद, धुमसत्या आगीत प्लॅस्टिक, विशेषतः पीव्हीसी (पाइपांचं, वायरींवरचं प्लॅस्टिक), जळलं की डायॉक्सिन ही विषारी द्रव्यं तयार होतात.

६. नेणाऱ्याशी लेखी बोला

कचरा इमारतीच्या बाहेर गेला म्हणजे प्रश्न संपला असं होत नाही. धोकादायक कचरा एका देशातून दुसऱ्यात लपूनछपून ढकलला जाऊ लागला म्हणून १९८९ मध्ये बाझल करार करावा लागला, आणि तो १९९२ पासून अमलात आहे. हाच खेळ गल्लीच्या पातळीवरही चालतो. ई-कचरा 'फुकट उचलतो' म्हणणारा माणूस तारा उघड्यावर जाळून तांबं काढत असू शकतो.

म्हणून तीन कागद मागा: परवान्याची प्रत आणि तिची मुदत, दर उचलीची वजनासह पावती, आणि माल पुढे कुठे जातो याची लेखी माहिती. परवाना 'संकलना'चा आहे की 'प्रक्रिये'चा, हे वाचा. दोन्ही वेगळे असतात. लॅपटॉप-मोबाइल देण्याआधी त्यातला डेटा पुसायची आठवण घरोघरी करा.

सफाई कामगारांना या बोलण्यात पहिल्या दिवसापासून बसवा. कोणत्या मजल्यावरून काय येतं हे त्यांना तुमच्या वहीपेक्षा चांगलं ठाऊक असतं. सुक्या कचऱ्याचे पैसे त्यांचेच, हे ठरावात लिहून टाका.

७. कमी कसा करायचा

इथवर आलात की वहीत दोन-तीन महिन्यांचे आकडे असतील. त्यातली सगळ्यात मोठी एकच ओळ निवडा आणि तिच्यावर काम करा. बहुतेक ठिकाणी ती अन्नाची निघते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घरांतून. उपदेशानं हे थांबत नाही. वेष्टनावरच्या तारखांचा अर्थ समजावला तर थोडंफार थांबतं: 'या तारखेपर्यंत उत्तम' म्हणजे चव-दर्जाची मुदत, 'या तारखेआधी वापरा' म्हणजे सुरक्षिततेची. पहिलीनंतर वास-रंग बघून ठरवा, दुसरीनंतर फेका.

रसायनांच्या बाबतीत कमी करणं म्हणजे लहान डबा घेणं. मोठा कॅन स्वस्त वाटतो आणि तीन वर्षांनी तुमच्याच कपाटात येऊन बसतो. उरलेला रंग, चांगला थिनर, न उघडलेली फवारणी यांची यादी सूचनाफलकावर लावा. वरच्या मजल्यावर कुणाला तरी नेमकी तीच वस्तू हवी असते.

८. घर बदलणाऱ्यांवर लक्ष ठेवा

वर्षभराची घडी एका दिवसात विस्कटते ती सामान हलवण्याच्या दिवशी. जाणारा माणूस माळा रिकामा करतो: जुने सेल, पाऱ्याचा थर्मामीटर, अर्धवट कीटकनाशक, औषधांची खोकी, सगळं एका काळ्या पिशवीत आणि पिशवी फाटकाशी. घर सोडणाऱ्यांना आठवडाभर आधी कपाटाची चावी आणि एक रिकामा खोका देऊन ठेवा. नव्यानं येणाऱ्यांच्या हातात एक पानाचं पत्रक द्या: तीन डबे, कपाट उघडण्याचा वार आणि अडचण आली तर विचारायचं कुणाला. पत्रक दारात सरकवून निघून जाऊ नका. पहिल्या आठवड्यात एकदा बेल वाजवून त्यांचा ओल्याचा डबा त्यांच्यासमोर उघडा आणि जे चुकलंय ते तिथेच दाखवा.